कोंबड्यांच्या खुराड्याला आपोआप लागणारं दार: परड्यात बसवायचं कसं

नोव्हेंबरातली गोष्ट. निपाणीला पाहुण्यांच्यात लग्न होतं, सगळं घर तिकडं गेलेलं. चारला निघू म्हणता म्हणता बेळगावात पोचायलाच साडेसात वाजले, आणि तिथून पुढं खानापूरकडे निघाल्यावर आईनं मागच्या सीटवरून विचारलं, "कोंबड्या कोण झाकलंय रे?" कुणीच झाकल्या नव्हत्या. घरी आलो तर खुराड्याचं दार सताड उघडं, अंगणभर पिसं, आणि चार तलंगा माना मोडून पडलेल्या. त्याच पंधरवड्यात अंड्यावर येणार होत्या. रानमांजर एकच घेऊन गेलं होतं, बाकीच्या नुसत्याच मारून टाकल्या होत्या.

त्यानंतर मी खुराड्याला आपोआप लागणारी चार-पाच प्रकारची दारं केली. त्यातली दोन टिकली. परड्यात आठ-दहा कोंबड्या पाळायला नुकतीच सुरुवात केलेल्या माणसाला ही खटपट उपयोगी पडावी म्हणून सगळं नीट मांडतो. विजेचं फारसं कळत नसलं तरी चालेल. पाना, पक्कड आणि एक रविवार हाताशी असला की पुरे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. सकाळी दार उघडायला तासभर उशीर झाला तर कोंबड्या ओरडतील, एवढंच. संध्याकाळी लागायला तासभर उशीर झाला तर कोंबड्या जातील. म्हणून दार असं करा की उचलायला शक्ती लागेल आणि लागताना ते स्वतःच्या वजनानं खाली येईल. मोटर असो, दोरी असो, घड्याळ असो, हा नियम मोडू नका.

दाराच्या आधी खुराडं बघा

दाराला मोटर बसवली आणि मागच्या बाजूला फळीला बोटभर फट राहिली, तर तो खर्च पाण्यात. आमच्या भागात कोंबड्यांना शत्रू भरपूर. मुंगूस भरदिवसाही येतं. रानमांजर आणि उदमांजर रात्रीचे. उसाच्या फडात कोल्ही दबा धरून असतात, आणि तोड सुरू झाली की घरांच्या जवळ सरकतात. धामण आणि नाग अंड्यांसाठी येतात. शिवाय गल्लीतली कुत्री आहेतच. भीमगडच्या जंगलालगतच्या गावांत बिबट्याही फिरतो, पण त्याच्यापुढं हे छोटं दार काही कामाचं नाही. तिथं खुराडं घराच्या भिंतीला लागून, पक्कं बांधकाम करूनच ठेवावं.

तर आधी अंधार पडल्यावर आत बॅटरी पेटवून ठेवा आणि बाहेरून बघा. जिथून उजेड दिसेल तिथं जाळी मारायची. षटकोनी भोकांची पातळ कोंबडी-जाळी कोंबडी आत ठेवायला ठीक असते, कुत्र्याला बाहेर ठेवायला नाही. कुत्रं ती दातानं ओढून फाडतं. अर्ध्या इंचाच्या चौकोनाची वेल्डेड जाळी घ्या. ती खाली जमिनीत वीतभर गाडा, म्हणजे घूस आणि मुंगूस उकरून आत येत नाहीत. वरच्या बाजूला हवेसाठी जाळीची खिडकी मात्र उघडीच राहू दे. दार पक्कं लावून खुराडं कोंदट केलं तर विष्ठेच्या वासानं कोंबड्यांचे डोळे आणि छाती बिघडते.

दार कसं असावं

बिजागरीचं दार आपोआप लावणं अवघड. वर-खाली सरकणारं दार सोपं, म्हणून तेच धरून चालू.

देशी कोंबडीला २५ सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच वाट पुरते. गिरिराजा असतील तर मोजमाप वाढवा. बंगळूरच्या कृषी विद्यापीठात तयार झालेली ही जात आमच्याकडे पुष्कळ घरांत दिसते, आणि तिचा कोंबडा चार किलोच्या पुढं सहज जातो. त्याच्यासाठी ३० बाय ४० ठेवा. वाट जमिनीपासून वीतभर वर असली की लाकडाचा भुसा दारात साचत नाही.

पहिलं दार मी प्लायचं केलं. उन्हाळाभर छान चाललं. मृगाचा पाऊस लागला आणि आठव्या दिवशी ते फुगून खोबणीत अर्ध्यावर अडकलं. जांबोटी-कणकुंबीसारख्या धो-धो पावसाच्या भागात ज्यांची घरं आहेत त्यांनी तर लाकडाचा विचारही करू नये. दोन मिलिमीटर जाडीचा अॅल्युमिनियमचा पत्रा घ्या. ३० बाय ४० चा तुकडा साधारण साडेसहाशे ग्रॅमचा होतो: खाली पडायला पुरेसा जड, आणि कोंबडीच्या पाठीवर आला तरी तिला इजा होणार नाही इतका हलका. खिडक्या करणाऱ्यांकडे अॅल्युमिनियमच्या चॅनेलचे, म्हणजे पत्रा ज्यात वर-खाली सरकतो त्या खोबणीच्या पट्टीचे, उरलेले तुकडे असतात, बेळगावात उद्यमबागच्या बाजूला चौकशी केली की पत्राही कापून मिळतो. कडा कानशीनं घासून घ्या, नाहीतर पंजे कापतात.

पत्रा आणि चॅनेल यांच्यात दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिमीटर मोकळीक सोडा. घट्ट बसवलेलं दार बघायला बरं दिसतं, पण धूळ आणि पिसं अडकली की ते थांबतं. चॅनेलला तेल घालू नका, तेलावर भुसा चिकटतो. मेणबत्ती घासा.

आता एक गोष्ट, जी नवे लोक हमखास विसरतात. नुसत्या दोरीवर लटकणारं दार खालून पंजा घालून उचलता येतं. मुंगसाला हे बरोबर जमतं. म्हणून उंबऱ्याला आडवा चॅनेल बसवायचा आणि दार खाली आल्यावर त्यात इंचभर बुडेल असं करायचं. त्या खाचेत माती भरते, तेव्हा तिच्या तळाला दोन-तीन भोकं पाडा आणि रोज सकाळी बोट फिरवून साफ करा. हे बोट फिरवणं कंटाळवाणं आहे, पण न करून चालत नाही.

विजेशिवाय

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे दोरी आणि दोन कप्प्या. दाराच्या वरच्या कडेला मधोमध भोक, त्यात तीन मिलिमीटरची नायलॉन दोरी, दोरी एका कप्पीवरून वर आणि दुसऱ्या कप्पीवरून स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत. खिडकीत एक खुंटी. सकाळी ओढून गुंडाळायची, संध्याकाळी सोडायची. हे आपोआप नाही हे खरं, पण पावसात चिखल तुडवत परड्यात जावं लागत नाही, आणि घरातली म्हातारी माणसंही दार लावू शकतात. ज्यांचं घर संध्याकाळी कधीच रिकामं नसतं त्यांनी इथंच थांबावं. मी मनापासून सांगतो, पुढचं काही त्यांना लागत नाही.

जुन्या चावीच्या गजराच्या घड्याळाचा उपायही चालतो, आणि मला तो फार आवडतो. त्या घड्याळाच्या पाठीमागं गजराची वेगळी चावी असते. गजर वाजायला लागला की ती उलटी फिरते. खुंटीवर अडकवलेल्या दोरीच्या फासात एक गुळगुळीत खिळा घालायचा, खिळ्याला शिवणाचा मजबूत दोरा बांधायचा आणि दोऱ्याचं दुसरं टोक त्या चावीला. गजर झाला, चावीनं दोरा गुंडाळला, खिळा निसटला, दार खाली आलं. घड्याळ बारा तासांचं असतं हे ध्यानात ठेवा: संध्याकाळी सातचा गजर लावायचा असेल तर गजराची चावी सकाळी सातनंतरच भरायची, नाहीतर दार सकाळीच पडेल. घड्याळ फळीला आवळून बांधा, मोकळं ठेवलं तर चावीऐवजी घड्याळच फिरतं. हे फक्त दार लावतं, उघडायचं काम आपलं. एखाद्या दिवशी गावाला जायचं असलं तर तेवढं पुरतं.

थेंब-थेंब गळणाऱ्या पाण्याच्या डब्यानं दार खाली सोडायचा प्रकारही मी केला. डबा भरलेला असताना दार वर, रिकामा होत गेला की दार खाली. डबा भरलेला असताना पाणी जोरात गळतं, कमी झाल्यावर हळू, आणि भोकात कचरा अडकला की गळतच नाही. कोंबड्यांचा जीव त्याच्यावर सोपवू नका.

मोटरीचं दार

आधी सुरक्षेचं. खुराड्यात २३० व्होल्टची वायर नेऊ नका. ओल, उंदरांचे दात आणि पत्र्याचं दार, तिन्ही एकत्र आले की जिवावर बेततं. सगळं काम १२ व्होल्टवर करायचं.

लागणाऱ्या वस्तू थोड्याच: १२ व्होल्टचा लिनिअर अॅक्च्युएटर, १२ व्होल्टचाच डिजिटल प्रोग्रामेबल टायमर, आठ पिनांचा रिले (करंट मिळाला की तारांची जोडणी बदलणारा स्विच) त्याच्या बेससह, तीन अँपिअरचा फ्यूज, दीड चौरस मिलिमीटरची वायर, एक बंद प्लास्टिकचा जंक्शन बॉक्स, दोन छोट्या कप्प्या आणि दोरी. टायमर घेताना दुकानदाराला १२ व्होल्ट डीसी असं स्पष्ट सांगा, २३० चा हुबेहूब तसाच दिसतो.

अॅक्च्युएटर म्हणजे आत मोटर असलेला दांडा. एका दिशेनं करंट दिला की दांडा बाहेर येतो, तारा उलट केल्या की आत जातो. दोन्ही टोकांना पोचला की आतल्या स्विचनं आपोआप थांबतो, त्यामुळे नव्या माणसाला हाच बरा. वायपरची जुनी मोटरही चालते, पण तिला टोकाला थांबवायला वेगळे स्विच आणि डायोड लावावे लागतात. ते पहिल्या खेपेला नको.

बरेच जण हा दांडा सरळ दाराला जोडतात. मीही जोडला होता. मग एक दिवस मनात आलं म्हणून दाराखाली वांगं ठेवून बघितलं. दांडा जराही न अडखळता खाली आला आणि वांगं उभं चिरून दोन फाका झाल्या, बिया उंबऱ्यावर. बाजारातला साधा अॅक्च्युएटर ७५ किलो वजनाएवढ्या जोरानं ढकलू शकतो. त्या जागी कोंबडीची मान असती. त्याच संध्याकाळी मी दांडा सोडवला आणि दोरी बांधली.

दोरीची रचना अशी. अॅक्च्युएटर खुराड्याच्या बाहेर, वरच्या बाजूला, वळचणीखाली बसवा. दांडा आत गेला की दोरी ओढली जाते आणि दार वर येतं. दांडा बाहेर आला की दोरी सैल पडते आणि दार स्वतःच्या वजनानं उतरतं. मध्ये कोंबडी आली तर दार तिच्या पाठीवर टेकून थांबतं, ती सरकली की खाली येतं. १५० मिलिमीटरचा अॅक्च्युएटर ३०० च्यापेक्षा स्वस्त पडतो, आणि तो पुरतो: दांड्याच्या टोकाला कप्पी लावा, दोरीचं एक टोक भिंतीतल्या हुकाला पक्कं करा, दोरी कप्पीवरून फिरवून दाराकडे न्या. दांडा १५० हलला की दार ३०० हलतं. जोर दुप्पट लागतो, पण पाऊण किलोच्या दाराला त्याचं काही वाटत नाही. ४० सेंटिमीटरची वाट असेल तर २०० चा घ्या.

आता जोडणी. रिलेच्या बेसवर दोन पिना कॉइलच्या, म्हणजे रिलेला चालवणाऱ्या आतल्या वेटोळ्याच्या. बाकीच्या सहा पिना तीन-तीनच्या दोन जोड्या: प्रत्येक जोडीत एक कॉमन, एक एनओ, एक एनसी. कॉइलला करंट नसताना कॉमन एनसीला जोडलेला असतो, करंट मिळाला की एनओला. अॅक्च्युएटरच्या दोन तारा दोन कॉमनना लावा. बॅटरीची अधिक तार पहिल्या जोडीच्या एनओला आणि दुसऱ्या जोडीच्या एनसीला. उणे तार उलट: पहिल्या जोडीच्या एनसीला, दुसऱ्या जोडीच्या एनओला. टायमर कॉइलला करंट देतो. टायमर चालू म्हणजे दिवस, दार वर. टायमर बंद म्हणजे रात्र, तारा उलटतात, दार खाली. उलटं चाललं तर घाबरू नका, अॅक्च्युएटरच्या दोन तारा आपसांत बदला. टायमर मध्येच बिघडून बंद पडला तरी दार लागलेल्या बाजूलाच जातं, म्हणून ही रचना मला पटते.

हे सगळं आधी टेबलावर जोडून वीसेक वेळा चालवून बघा, मग भिंतीवर चढवा.

कारच्या सेंट्रल लॉकची छोटी मोटर लावून खिळा ओढायचा स्वस्त उपाय कुणी सुचवेल. त्या मोटरीला सेकंदभरच करंट सोसतो, आणि बहुतेक स्वस्त टायमर कमीत कमी मिनिटभर करंट देतात. माझी पहिल्याच संध्याकाळी जळली, वास स्वयंपाकघरापर्यंत आला.

करंट कुठून घ्यायचा? घरात इन्व्हर्टर असेल आणि त्याची बॅटरी एकच, १२ व्होल्टची असेल, तर तिथूनच दोन तारा काढा. फ्यूज बॅटरीच्या अगदी शेजारी लावायचा, खुराड्याजवळ नव्हे. दहा मीटरपर्यंत दीड चौरस मिलिमीटरची वायर पुरते. ती पाइपातून न्या, उंदीर कुरतडतात.

परडं लांब असेल तर १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी आणि सोलर पॅनेल, मध्ये चार्ज कंट्रोलर (बॅटरी जास्त भरू न देणारा डबा). इथं एक हिशेब करून बघा. मोटर दोन अँपिअर खाते, पण दिवसातून दोन वेळा, मिळून मिनिटभर. हा खर्च नगण्य. खरा खर्च रिलेच्या कॉइलचा: ७० मिलिअँपिअर धरला तरी बारा तासांत तो ०.८४ अँपिअर-तास होतो, त्यात टायमरचा थोडा. म्हणजे निम्मी बॅटरी तीन-चार दिवसांत जाते. उन्हाळ्यात १० वॅटचं पॅनेल हे सहज भरून काढतं. आषाढात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, तेव्हा नाही भरत. २० वॅटचं घ्या, आणि पावसाळ्यात दर चार दिवसांनी बॅटरी घरात आणून चार्ज करा.

जंक्शन बॉक्सची वायरीची भोकं खालच्या बाजूला ठेवा आणि गच्च बुजवा. पाणी तर शिरतंच, पण त्याहून त्रास मुंग्या आणि पालींचा. एकदा रिले का चालेना म्हणून उघडला तर संपर्काच्या पट्ट्यांत लाल मुंग्या चिरडून बसलेल्या.

तयार दारंही ऑनलाइन मिळतात, टायमर आणि उजेडाचा सेन्सर दोन्ही असलेली. घ्यायचं असेल तर मध्ये काही आलं की थांबतं का, आणि बॅटरी संपल्यावर हातानं उघडतं का, एवढं दोन बघा. आल्यावर पिकलेला टोमॅटो खाली ठेवून खात्री करा.

वेळ कोणती लावायची

उजेडाच्या सेन्सरवर चालणारं दार ऐकायला सोयीचं वाटतं. आमच्याकडच्या पावसात मात्र दुपारी चारला काळोख येतो, आणि कोंबड्या अजून बाहेर असताना दार लागतं. शिवाय पहाटे तांबडं फुटताच ते उघडतं, तेव्हा कोल्हं अजून फिरत असतं. म्हणून मी टायमरच्या बाजूचा.

कोंबड्या साधारण सूर्य मावळायच्या सुमारास आत शिरतात, तलंगा आणि नवी पिल्लं थोडी रेंगाळतात. मावळतीनंतर अर्ध्या तासानं दार लावणं सुरक्षित. बेळगावच्या आसपास सूर्य जूनअखेर सातच्या पुढं पाच-सात मिनिटांनी मावळतो आणि नोव्हेंबरअखेर सहाच्या आधीच. एवढा तासाभराचा फरक आहे, पण वर्षातून चार वेळा टायमर बदलला की भागतं. मेच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत ७:४०. ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत ६:४०. उरलेले महिने ७:२०. सकाळी वर्षभर सात ठेवा. जानेवारीच्या शेवटी सूर्यच सातला उगवतो, तेव्हा पंधरा मिनिटं पुढं ढकला.

पहिला आठवडा

बाजारातून आणलेल्या कोंबड्यांना घर ओळखीचं नसतं. आधी आठवडाभर त्यांना खुराड्यातच कोंडून दाणा-पाणी द्या. मग सोडल्या की संध्याकाळी स्वतःहून परत येतात. (कन्नड शेजाऱ्यांकडून घेणार असाल तर एक लक्षात ठेवा: त्यांच्यात कोंबडीला कोळी म्हणतात आणि खुराड्याला गूडु. पहिल्यांदा ऐकणारा माणूस गोंधळतो.)

दार चालू केल्यावर पहिले सात दिवस रोज संध्याकाळी तिथं उभे राहा. मोटरीच्या आवाजाला काही कोंबड्या दोन-तीन दिवस बिचकतात. एखादी बाहेर राहिलीच तर आत टायमरच्या वेळेआधी अर्धा तास एक छोटा १२ व्होल्टचा दिवा लावा, त्या उजेडाला धरून ती आत जाते. आमची एक तांबडी कोंबडी रोज पेरूच्या झाडावर चढायची, दिव्यानं तिची ती सवय मोडली.

दार मोजणी करत नाही. ते लागल्यावर टॉर्च घेऊन आत एकदा बघायचं, दांडीवर किती बसल्यात ते मोजायचं. आई अजूनही रोज मोजते, पाय दुखत असले तरी. गावाला जाताना शेजारच्या काकूंना एवढंच सांगून जातो, "काकू, नऊ आहेत, तेवढं बघून घ्या." एखादं मुंगूस किंवा साप आधीच आत असेल तर बंद दारानं त्याला कोंबड्यांच्या सोबत कोंडल्यासारखं होतं, तेही या बघण्यातच कळतं.

दोरी सगळ्यात आधी झिजते, कप्पीवर जिथं वळते तिथं. नखानं तिथं खरवडून बघा, तंतू सुटायला लागले असतील तर वाट बघू नका. मी दरवर्षी मृगाच्या आधी ती बदलतोच, आणि तेवढ्याच लांबीची एक दोरी गाठी मारून, तयार करून खुराड्याच्या आतल्या खिळ्याला टांगून ठेवतो.